सर्वांचे धन, सर्वांचे ताट
पोषण-शिक्षणाच्या कार्यासाठी शासकीय अनुदान मागताना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल सोहळा. अशा प्रसंगी धर्मचर्चा व्हावी, पूर्वसूरींचे पुण्यस्मरण व्हावे, हे उचितच आहे. परंतु विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपविलेला विषय तसा रुक्ष आहे. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये आणि जवळपासच्या खेड्यांमध्ये माता व बालकांसाठी पोषण-शिक्षणाचा उपक्रम संस्थेने हाती घ्यावा असे घाटत आहे आणि त्यासाठी शासनाचे अनुदान कसे मिळवावे हे मी सांगावे अशी अपेक्षा आहे. नोकरीची बरीच वर्षे स्वयंसेवी संस्थांचे प्रस्ताव तपासण्यात गेल्यामुळे ही निवड झाली असावी. त्या अनुभवातून चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

अर्ज कसा करावा हे मी सांगणारच आहे. ती फारशी अवघड विद्या नाही. त्याहून अवघड प्रश्न असा, की शासनाचा पैसा घेतल्यानंतर तो ज्यांचा आहे त्या सर्वांशी आपण सारख्याच निष्ठेने वागू शकू काय? दात्याने दिलेली देणगी त्याच्या इच्छेप्रमाणे खर्च होते. अनुदान हे मात्र प्रत्येक करदात्याचे धन आहे. त्यात काडेपेटी विकत घेणाऱ्या मजुराचाही वाटा आहे. हे मनाशी पक्के झाले, तर पुढचे कागद आपोआप सुटसुटीत होतात. ते पक्के नसेल, तर मिळालेले अनुदानच संस्थेला जड होते.

आहारदान आणि ज्ञानदान

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चार दानप्रकार सांगितले आहेत. संस्थेने गेली पन्नास वर्षे यांतील पहिल्या दोहोंची सेवा यथाशक्ति केली. पोषण-शिक्षण हे आहारदान व ज्ञानदान यांच्या संगमावरचे कार्य आहे. एका वेळचे जेवण देणे त्या दिवसापुरते पुरते. घरात जे शिजते त्यातूनच बाळाचा घास कसा तयार करावा हे आईला उमगले, तर ते पुढच्या बाळापर्यंत आणि शेजारच्या घरापर्यंत पोचते.

शासनाची भूमिकाही याहून वेगळी नाही. जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य असल्याचे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये नमूद आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी ही तिचीच देणगी. म्हणजे आपली संस्था आणि अंगणवाडी या जवळजवळ समवयस्क आहेत. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियानाचा आरंभ झाला आणि २०२१ पासून ही कार्ये ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या एकत्रित योजनेखाली आली.

एवढे प्रयत्न होऊनही स्थिती काय आहे? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली बालके २५.६ टक्के होती, तर देशाचे हे प्रमाण १९.३ टक्के होते. या बाबतीत आपले प्रगत राज्य देशाच्या सरासरीच्याही मागे होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६८.९ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. देशभरातील ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा व योग्य आहार मिळणारी बालके केवळ ११.३ टक्के होती.

या शेवटच्या आकड्यात आपल्या कार्याचे बीज आहे. दारिद्र्य हे कुपोषणाचे मोठे कारण आहेच. परंतु धान्य असलेल्या घरातही सात-आठ महिन्यांच्या बाळाला केवळ वरणाचे पाणी किंवा बिस्किट मिळते. बाळाचे पोट लहान असते, म्हणून त्याला थोडे, घट्ट आणि वारंवार द्यावे लागते. पातळ पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून होणारे हजार दिवस बाळाच्या वाढीसाठी निर्णायक मानले जातात. त्या काळात आईशी बोलणारे कोणी हवे असते. अंगणवाडी सेविका ते काम करते. पण तिच्याकडे नोंदी, पूर्वप्राथमिक शिक्षण, आहारवाटप आणि सर्वेक्षणे यांचाही भार असतो. तिच्या हाताला हात लावणे, हे आपल्यासारख्या संस्थेचे खरे स्थान आहे.

अनुदानाची द्वारे

येथे एक वस्तुस्थिती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पोषण अभियानाचा बहुतांश निधी राज्य शासनामार्फत अंगणवाडी यंत्रणेकडे जातो. कोणत्याही संस्थेने वाटेल तेव्हा अर्ज करावा आणि पोषण-शिक्षणासाठी पैसे मिळावेत, अशी कायम उघडी खिडकी नसते. संधी शोधावी लागते. जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिती, महानगरपालिका किंवा नगरपरिषद यांचा महिला व बालकल्याण विभाग, तसेच संबंधित विभागाच्या शिफारशीने जिल्हा नियोजन समितीकडे जाणाऱ्या नावीन्यपूर्ण योजना, ही स्थानिक द्वारे होत. आदिवासी क्षेत्रात काम करावयाचे असल्यास केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाची स्वयंसेवी संस्थांसाठी सहायक अनुदान योजना आहे. तीत सामान्यतः ९० टक्के भार शासन व १० टक्के संस्था उचलते. मात्र तिच्यात कोणत्या प्रकारची कामे बसतात हे आधी तपासावे. प्रत्येक ठिकाणी प्रस्ताव मागविणारी जाहिरात, तिची मुदत आणि त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचना यांचेच प्रामाण्य असते. गतवर्षीच्या परिपत्रकावरून या वर्षीचा अर्ज लिहू नये.

आणखी एक गैरसमज दूर करतो. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. त्यामुळे पोषणाचा निधीही अल्पसंख्याक योजनांतून मिळावा, असे काहींना वाटते. त्या योजना अल्पसंख्याक समाजांच्या उन्नतीसाठी आहेत आणि त्यांचे लाभार्थी ठरलेले आहेत. आपला संकल्प वस्तीतील प्रत्येक मातेसाठी आहे. दोन्हींचे मिश्रण करू नये.

अनुदानाची वाट पाहत थांबावे असेही नाही. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटून अंगणवाडीत होणाऱ्या समुदाय आधारित कार्यक्रमांत, दरमहाच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसात किंवा सप्टेंबरातील राष्ट्रीय पोषण माहात संस्थेच्या भगिनींनी प्रात्यक्षिके द्यावीत. याला शासनाचा एक पैसाही लागत नाही. वर्षभर असे काम केलेल्या संस्थेचा प्रस्ताव जेव्हा टेबलावर येतो, तेव्हा मुख्यसेविका स्वतः सांगते, “साहेब, ही माणसे येतात.” या वाक्याचे वजन छापील अहवालापेक्षा अधिक असते.

आधी घरची कागदपत्रे

प्रस्ताव फेटाळले जाण्याची कारणे बहुधा उदात्त नसतात. विश्वस्त बदलले, परंतु बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखलच झाला नाही किंवा प्रलंबित राहिला. त्यामुळे परिशिष्ट एकवर दिवंगत व्यक्तींची नावे तशीच आहेत. ठरावावर सही एकाची, बँकेत अधिकार दुसऱ्याचा. लेखापरीक्षण अहवाल तयार आहे, पण सादर केल्याची पोच नाही. पन्नास वर्षांच्या जुन्या संस्थांत हे दोष अधिक आढळतात, कारण तेथे सारा व्यवहार परस्पर विश्वासावर चालतो. विश्वास हा सद्गुण आहे. परंतु तपासणी अधिकाऱ्याला तो फाइलीत लावता येत नाही.

म्हणून पुढील गोष्टी आधी सिद्ध असाव्यात : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी व अद्ययावत परिशिष्ट एक, संस्थेचा पॅन व प्राप्तिकर कायद्याखालील चालू मुदतीची नोंदणी, सामान्यतः मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब व वार्षिक अहवाल, केंद्रीय अनुदानासाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांक आणि सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतील, म्हणजे पीएफएमएसवरील नोंद, तसेच विश्वस्त मंडळाचा स्पष्ट ठराव.

याहून मूलभूत गोष्ट म्हणजे संस्थेचे न्यासपत्र. उद्दिष्टांत केवळ मंदिर, पूजाविधी व समाजबांधवांचे साहाय्य एवढेच असेल, तर सर्वसामान्य जनतेसाठी आरोग्य वा शिक्षणाचे कार्य तीत बसते काय, हे कायदेतज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यावे. अनुदान हाती आल्यावर हा प्रश्न निघणे कोणालाच परवडत नाही.

प्रस्तावाचा प्राण

“महिलांमध्ये आहारविषयक जनजागृती करणे” हे वाक्य मी शेकडो प्रस्तावांत वाचले आहे. त्यातून काहीच कळत नाही. चांगला प्रस्ताव पाच प्रश्नांची उत्तरे देतो : कोणासाठी, कोठे, काय बदलेल, ते कोण करील आणि खर्च किती?

उदाहरणादाखल एक आराखडा घेऊ. दहा अंगणवाड्या, प्रत्येकीत गर्भवती व दोन वर्षांखालील बालकांच्या २० माता, म्हणजे २०० माता. प्रत्येक ठिकाणी दरमहा एक सत्र धरले, तर वर्षाची १२० सत्रे होतात. प्रात्यक्षिकाच्या साहित्याला प्रतिसत्र ४०० रुपये, म्हणजे ४८,००० रुपये. दोन पोषण-शिक्षिकांचे मानधन दरमहा प्रत्येकी १०,००० प्रमाणे २,४०,०००. त्यांचा प्रवास दरमहा प्रत्येकी १,००० प्रमाणे २४,०००. आरंभीची व अखेरची पाहणी ३०,०००. छपाई १८,०००. लेखापरीक्षण व कार्यालय २०,०००. एकूण ३,८०,००० रुपये. यातील दहा टक्के, म्हणजे ३८,००० रुपये संस्थेने घातले, तर मागणी ३,४२,००० रुपयांची होते. दर केवळ नमुन्यादाखल आहेत, ते त्या त्या गावाप्रमाणे बदलतील. एका मातेमागे वर्षाला १,९०० रुपये पडतात. हा भागाकार तपासणी अधिकारी पहिल्यांदा करतो, म्हणून तो आपण आधीच करून पाहावा. त्यातून आपल्यालाही उमगते, की हजार महिलांची गर्दी जमवून एक भव्य मेळावा घेण्यापेक्षा दोनशे मातांना बारा वेळा भेटणे अधिक फलदायी का आहे.

“काय बदलेल” या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिक असावे. एका वर्षात वस्तीतील कुपोषण निम्मे करू, असे लिहू नये. खुंटलेली उंची बारा सत्रांनी भरून येत नाही, आणि हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. बदलू शकतो तो घास. जागतिक पातळीवर वापरली जाणारी एक सोपी कसोटी आहे. बाळाचे खाणे आठ गटांत विभागतात : आईचे दूध; धान्ये व कंद; डाळी, कडधान्ये व तेलबिया; दूध-दही; मांस-मासे; अंडी; अ जीवनसत्त्वयुक्त फळे-भाज्या; आणि इतर फळे-भाज्या. काल दिवसभरात बाळाच्या तोंडी यांतील किमान पाच गट गेले काय, एवढेच आईला विचारावयाचे. हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारावा, तोच बाराव्या महिन्यात विचारावा आणि दोन्ही उत्तरे शेजारी मांडावीत. उपस्थितीपत्रक व छायाचित्रे ही सत्र झाल्याची साक्ष देतात; बदल झाल्याची साक्ष हा प्रश्न देतो.

अंड्याचा प्रश्न

आता त्या यादीतील ज्या दोन गटांवर आपली दृष्टी थबकली असेल, त्यांच्याविषयी बोलतो. हा विषय टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना फळ देण्याचा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविण्यात आला. दोन्ही वेळी आपल्या समाजात चर्चा झाली. अहिंसा हा आपल्या जीवनाचा पाया आहे आणि आपल्या स्वयंपाकघरात अंडे शिजणार नाही, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या वस्तीत आपण शासनाच्या पैशाने जाणार आहोत, तेथील माता विचारील, “ताई, बाळाला अंडं देऊ का?” सुकट, बोंबील तिच्या घरात परंपरेने शिजतात. तिला आपली शिक्षिका काय सांगणार?

माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. अंडे हा पौष्टिक पदार्थ आहे, हे आहारशास्त्राचे सत्य आहे. तुमच्या घरात ते खाल्ले जात असेल तर बाळालाही चांगले शिजवून द्यावे, असेच उत्तर सार्वजनिक पैशावर नेमलेल्या शिक्षिकेने दिले पाहिजे. गरीब घरात दुधापेक्षा अंडे परवडते, हेही आपण विसरू नये. तिने मौन पाळले किंवा अंड्याने अपाय होतो असे सुचविले, तर ते असत्य होईल आणि त्याची किंमत बाळ मोजील. आपल्या मताच्या रक्षणासाठी परक्या मुलाचे ताट रिकामे ठेवणे, ही अहिंसा होऊ शकत नाही. समोरच्याच्या जागी उभे राहून सत्याचा दुसरा पैलू पाहण्याची शिकवण अनेकान्ताने आपल्याला दिली आहे. ती ग्रंथात ठेवण्यासाठी दिलेली नाही.

मग आपल्या तत्त्वाचे काय? त्यालाही पूर्ण वाव आहे. प्रात्यक्षिके शाकाहारी पदार्थांचीच राहतील, असे प्रस्तावात उघडपणे लिहावे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. एखाद्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अंडे शिजवून देणे बंधनकारक असेल, तर ते अनुदान नम्रपणे नाकारावे. आणि मातेला खरे उत्तर देणेही विश्वस्त मंडळाच्या मनाला पटत नसेल, तर शासनाचा पैसा न घेता स्वतःच्या निधीतून आहारदान करावे. तेही पुण्यकर्मच आहे. एका हाताने अनुदान घ्यावे आणि दुसऱ्या हाताने त्याचा हेतू मोडावा, हा तिसरा मार्ग मात्र आपला नव्हे.

शाकाहाराविषयी आपल्यापाशी देण्यासारखे पुष्कळ आहे. वरच्या आठ गटांतून अंडी व मांस वगळले, तरी स्तनपान घेणाऱ्या बाळासाठी सहा गट उरतात आणि हवे आहेत पाच. गणित जुळते, पण अगदी काठावर. एक गट सुटला तर चालेल, दोन सुटले की कमतरता आली. म्हणून शाकाहारी बाळाला नुसता वरणभात पुरत नाही. दूध किंवा दही, पिवळ्या-नारिंगी फळभाज्या आणि डाळी-कडधान्ये रोज हवीत. मोड आलेली मटकी-मूग, शेंगदाण्याचा कूट, तीळ, नाचणीचे सत्त्व, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई या वस्तू वस्तीतही मिळतात. कडधान्यातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, म्हणून शाकाहारी गर्भवतीने दूध-दह्याची हेळसांड करू नये आणि गरजेनुसार वैद्यकीय सल्ला घ्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. शिक्षिकांचे प्रशिक्षण तिच्या आधारे व्हावे.

आपले काही नियम मात्र घरी ठेवून वस्तीत जावे लागेल. आपण कंदमूळ वर्ज्य मानतो, चातुर्मासात अनेकजण पालेभाज्या घेत नाहीत. वस्तीतील मातेसाठी रताळे हा स्वस्त आधार आहे आणि पावसाळ्यात उगवणारी पालेभाजी फुकटचे लोह आहे. ते तिच्याकडून हिरावले जाऊ नये. सत्रे मंदिराच्या आवारात न घेता अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात घ्यावीत. परधर्मीय भगिनीला आपल्या आवारात संकोच वाटतो आणि मासिक पाळीच्या दिवसांत तर अनेकजणी मंदिराच्या पायरीशीही येत नाहीत. सत्राचा आरंभ धार्मिक प्रार्थनेने करू नये. णमोकार मंत्राविषयी आपला आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही.

हिशेब हेच अस्तेय

अनुदान मंजूर झाले म्हणजे काम संपले असे वाटते. वास्तविक तेव्हा व्रत सुरू होते. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील अपेक्षा सरळ आहेत. त्याच कामासाठी अन्य विभागाकडून अनुदान घेतले वा मागितले असल्यास ते लपवू नये. अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवावा. त्यावर मिळालेले व्याजही शासनाचे असते, संस्थेचे नव्हे. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याच कामासाठी तो खर्च करावा आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे. सोबत कार्याचा अहवाल असावा. अनुदानातून घेतलेल्या वजनकाट्याची किंवा शेगडीचीही नोंद जडवस्तू नोंदवहीत हवी. शासनाच्या अनुमतीवाचून ती वस्तू विकता वा देऊन टाकता येत नाही. लेखे तपासण्याचा अधिकार शासनाला आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक यांना असतो. शिवाय शासनाकडून भरीव वित्तसाहाय्य घेणाऱ्या संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. राज्य शासनाच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अनुदानाला त्यांचे त्यांचे नियम लागू होतात, पण तत्त्व हेच.

आपल्या समाजापुरता एक धोका वेगळा आहे आणि तो आपल्या दातृत्वातूनच उद्भवतो. महिला मंडळाची एखादी भगिनी प्रात्यक्षिकासाठी घरची डाळ आणते आणि पैसे घेत नाही. एखादे किराणा व्यापारी गूळ-शेंगदाणे विनामूल्य पाठवितात. वर्षअखेरीस साहित्याच्या शीर्षाखाली रक्कम शिल्लक दिसते आणि कोणीतरी सुचविते, की त्या डाळीचे बिल करून टाकू, पैसे संस्थेच्याच कामी येतील. यात कोणाचा खिसा भरत नाही, म्हणून ते निर्दोष वाटते. परंतु न झालेल्या खर्चाची पावती ही असत्यही आहे आणि अदत्तादानही. दान आलेली वस्तू देणगी म्हणून नोंदवावी आणि उरलेली रक्कम परत करावी, अथवा लेखी अनुमती घेऊन पुढील वर्षात वापरावी. निधी परत करणे कमीपणाचे आहे, अशी एक समजूत आहे. माझ्या दृष्टीने उरलेला पैसा हिशेबासह परत करणारी संस्था पुढच्या वर्षीच्या यादीत वरच्या जागेची अधिकारी असते.

दुसरी सावधगिरी वेळेची. मंजुरी येते उशिरा, हप्ता येतो त्याहून उशिरा आणि ३१ मार्च मात्र कधीच उशीर करीत नाही. निदान चार-सहा महिन्यांचे मानधन संस्थेच्या राखीव निधीतून देता येईल अशी तजवीज असल्याशिवाय शिक्षिका नेमू नयेत. गरजू भगिनीला कामावर घेऊन तिचे मानधन शासनाच्या हप्त्यावर अडकविणे, हेही हिंसेचेच सूक्ष्म रूप आहे.

अनुदान आणि आत्मबळ

कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसविली. १९४८ साली तत्कालीन मुंबई सरकारने रयतचे अनुदान काही काळ रोखले होते. संस्था तरली ती लोकांच्या मुठी-मुठीच्या साहाय्यावर आणि पुढे अनुदानही पूर्ववत झाले. त्या चरित्रातून आपल्यासारख्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पंक्ती सर्वांची असेल, तरच सर्वांचे धन मागण्याचा अधिकार पोचतो. आणि अनुदान थांबले तरी संस्था उभी राहील एवढे बळ समाजातून आलेले असावे.

म्हणून माझी विश्वस्त मंडळाला नम्र सूचना अशी. या वर्षी अर्ज करू नका. आधी न्यासपत्र व परिशिष्ट एक तपासून घ्या. महिला मंडळातील इच्छुक भगिनींना अंगणवाडी सेविकांसमवेत प्रशिक्षण द्या आणि दोन अंगणवाड्यांत वर्षभर स्वखर्चाने काम करा. अंड्याच्या प्रश्नावर सभा बोलावून मोकळी चर्चा करा आणि जो निर्णय होईल तो ठरावपुस्तकात लिहा. पुढच्या वर्षी जाहिरात निघेल तेव्हा आपल्यापाशी चोवीस सत्रांचा अनुभव, चाळीस मातांच्या नोंदी आणि एक स्वच्छ ठराव असेल. त्या बळावर केलेला अर्ज मान उंच ठेवून करता येईल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेची पायाभरणी केली, त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवला म्हणून आपण आज हा सोहळा पाहतो आहोत. तीच दक्षता वस्तीतील बाळाच्या घासाविषयी आपल्या हातून घडो, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो.